थिअरी शिकल्याने चाल मरत नाही

गिटार शिकणाऱ्या पोरापोरींमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: ‘संगीताच्या थिअरीच्या नादी लागू नका, भावना मरते. बीटल्स या इंग्रज बँडला कुठे नोटेशन (लिहिलेले स्वर) वाचता येत होतं? आणि आपल्याकडे राग असताना परकी थिअरी हवी कशाला?’ या सल्ल्यापायी गाणी रचू पाहणारे कितीतरी जण वर्षानुवर्षं त्याच चार कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या त्याच चार जुळण्यांवर, अडकून पडतात.

बीटल्सना नोटेशन येत नव्हतं, हे खरं. पण नोटेशन वाचणं वेगळं आणि कॉर्डची एकमेकींशी असलेली नाती कळणं वेगळं. बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनींनीच सांगितलेली आठवण आहे: लिव्हरपूलमध्ये कुणाला तरी बी-सेव्हन ही कॉर्ड येते असं कळलं, तेव्हा ही मुलं बस पकडून ती शिकायला गेली. कारण ईच्या पट्टीत ई आणि ए यांच्या जोडीला बी-सेव्हन असली, की ओळ पुन्हा ईवर खेचली जाते. ही थिअरीच आहे, कानाने आणि हाताने मिळवलेली. पुढे १९६५ साली त्यांच्या ‘यस्टरडे’ या गाण्याला तंतुवाद्यांची साथ द्यायची ठरली, तेव्हा ती लिहायला त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन होते, लंडनच्या गिल्डहॉल या संगीतशाळेत रीतसर शिकलेले. घरी एकट्याने चाल बांधणाऱ्याला असा आधार कुठून मिळणार?

भावना मरते, या म्हणण्याची मला सगळ्यात जास्त चीड येते. गिटार हातात घ्या. सी कॉर्ड वाजवा, मग पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या घरात, बार धरून (पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून) एफ. आता तो धरलेला असतानाच मधलं बोट उचला. तिसऱ्या तारेवरचा स्वर एका फ्रेटने उतरला आणि एफचा एफ मायनर झाला. पांढरी एक, म्हणजे सी, हा सा धरला, तर शुद्ध धैवत कोमल झाला. तिथून सीवर परत या: कोमल धैवत पंचमावर येऊन टेकतो आणि साध्या ओळीतही हुरहूर दाटते. बोट चुकून उचललं गेलं, तर ही जागा एका गाण्यात सापडेल. ती पट्टीतल्या चौथ्या स्वरावरची कॉर्ड मायनर केल्याने आली हे कळलं, तर जीच्या पट्टीत सी मायनर, डीच्या पट्टीत जी मायनर, हवी तिथे आणता येईल. चाल नेमकी तिथे शुद्ध धैवतावर थांबली असेल, तर काय खटकतंय तेही लगेच उमजेल.

‘शिकण्यात वर्षं जातात’ हेही जोडीला असतंच. चाल लावण्यापुरतं लागतं थोडंच. एका तारेवर दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक अशा फ्रेटच्या अंतराने मेजर स्केल वाजवायचं, त्यातल्या सात स्वरांवर उभ्या राहणाऱ्या कॉर्ड ओळखायच्या आणि पाचवी कॉर्ड पहिलीकडे का ओढते ते ऐकायचं. गाणारीला काळी दोन हवी असेल, तर सीच्याच आकारांना तिसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा, हेही त्यातूनच सुचतं.

राहिला रागांचा मुद्दा. ज्याला सरगम येते त्याचं अर्धं काम झालेलंच असतं: सा-ग-प म्हणजे मेजर कॉर्ड, गंधार कोमल केला की मायनर. मात्र मारवा किंवा तोडीच्या अंगाने जाणाऱ्या चालीवर कॉर्ड बदलत राहिलं की रागाचा रंग पुसला जातो, ही तक्रार रास्त आहे. तिथे जाड ई तार डीपर्यंत उतरवावी. सर्वांत जाड तीन तारा मोकळ्या छेडल्या की सा-प-सा मिळतात. त्यावर चाल गावी आणि कॉर्ड बाजूला ठेवाव्यात.