सही तिचीच, मग खोटी कशी?

आठ दिवस झाले आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच दळण चालू आहे. वाईच्या आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली, आतेबहीण म्हणते आईला दोन वर्षं माणसं ओळखू येत नाहीत, हा सरळ फ्रॉड आहे. आणि दादा प्रत्येक मेसेजला तेच टाकतो, "सही तिचीच आहे, मग खोटी कशी?" वर माझ्यासाठी स्पेशल, "तू जर्सीत बसून अक्कल शिकवू नकोस."

बरं, नाही शिकवत. फक्त नदीपलीकडची एक केस सांगतो. न्यूयॉर्कच्या ब्रुक ॲस्टर, गडगंज बाई, शंभरी ओलांडलेली आणि अल्झायमर. 2003-04 मध्ये त्यांच्या मृत्युपत्राला पुरवण्या जोडल्या गेल्या, फायदा मुलाचा, अँथनी मार्शलचा. बाई 2007 मध्ये 105 व्या वर्षी गेल्या, 2009 मध्ये मुलगा दोषी. तिसऱ्या पुरवणीवरची सही वकिलाने ठोकली होती, तो फोर्जरीत अडकला, ते सोपं. पण आधीच्या दोन पुरवण्यांवर सह्या बाईंच्याच होत्या दादा! तिथे भांडण पेन कुणाच्या हातात होतं याचं नव्हतंच, बाईंना कळत होतं का याचं होतं. आणि मुळात हे सगळं उकरलं कुणी, तर बाईंच्या नातवाने, स्वतःच्या बापाविरुद्ध. मार्शल 89 व्या वर्षी जेलमध्ये गेला. (दोन महिन्यांत तब्येतीमुळे सोडला, ते जाऊ दे.)

आणि हे अमेरिकन फॅड नाही हं. आपल्याच 1860 च्या दंडसंहितेत कलम 464 होतं, आता न्याय संहितेत 335 आहे. समोरच्याचं डोकं ठिकाणावर नाही, कागदात काय लिहिलंय ते त्याला कळणार नाही, हे माहीत असून लबाडीने सही घेतली तर तो खोटा दस्तऐवजच. सही कितीही अस्सल असो.

दादानेच पुरावा म्हणून रजिस्ट्रार ऑफिसातला फोटो टाकलाय. वहिनी आत्याचा अंगठा पदराने पुसून मशीनवर धरतायत, आणि आत्या बघतेय खिडकीकडे. लहानपणी मेणवलीच्या घाटावर आम्हाला मोजून मोजून घरी आणणारी आत्या.

हे सगळं टाइप केलं आणि पाठवलं नाही. कारण आत्याला रोज भरवतो तो दादा, मी इथून कलमं टाकतो. आणि दुसरं कारण ग्रुपवर कुणालाच माहीत नाही. 2019 मध्ये मी बारा दिवसांच्या रजेवर गेलो होतो, आईच्या फ्लॅटची पॉवर ऑफ अटर्नी करायची होती, परतीचं तिकीट शनिवारचं. आई मला सदा म्हणत होती, सदा म्हणजे आमचा मामा. मी म्हटलं हो, सदाच आहे मी, इथे सही कर. तिने अगदी वळणदार सही केली, माहेरच्या नावाने.

मी दुसरी कॉपी पुढे केली.