डोंगर हिरवा दिसला म्हणजे झालं

अभिनंदन साहेब! नागपूर जिल्ह्यातल्या एका संपलेल्या खुल्या खाणीवर हिरवळ उगवण्याची जबाबदारी शेवटी तुमच्याच गळ्यात पडली. कोळसा गेला, त्याचे पैसे गेले, आता मागे उरलाय तो ओबीचा, म्हणजे कोळशावरून उपसून काढलेल्या माती-दगडांचा डोंगर. उमरेड, कामठी, सावनेर, कुठल्याही बाजूने शहराबाहेर पडा, असे डोंगर दिसतील. तेव्हा घाबरायचं कारण नाही.

सुरुवात वरच्या मातीपासून; खरं तर तिचा निकाल खाण सुरू होतानाच लावायचा असतो. वरचा काळा थर वेगळा काढा, वेगळा ठेवा आणि जमेल तितक्या लवकर परत पसरा, असं कागदोपत्री असतं. पण पोकलेनवाल्याला फेऱ्यांवर पैसे मिळतात, थरांवर नाही. काळी माती, मुरूम आणि वालुकाश्म एकाच डंपरात भरा. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात म्हणे. लागू द्या, तुमची तर तीन वर्षांत बदली आहे.

कुणी फारच मागे लागला तर मातीचा वेगळा ढीग घाला, पण घालायचा तर डोळ्यांत भरेल असा उंच घाला. दोन-तीन मीटरच्या वर जाऊ नका, आत हवा पोचत नाही, असं जाणकार सांगतात. दुर्लक्ष करा. शक्यतो भर पावसाळ्यातच रचा. ओली काळी माती डंपरच्या चाकाखाली आली की अशी बसते, की वाळल्यावर पहारही टणकन उडते. मग चार-पाच वर्षं तिकडे फिरकू नका.

एवढं झाल्यावर ढिगाच्या पोटातून मूठभर माती काढून बघा. वरचा फूटभर थर भुसभुशीत असतो, त्यात गवताची मुळं लागतात. त्याखाली रंग करडा-निळसर होत जातो, माती बोटांना चिकटते आणि नाकाशी नेली की गटाराचा वास येतो. गांडूळ नाही, मुळांना साथ देणारी बुरशी नाही, रुजेल असं बी नाही. बाजूला उभा असलेला चौकीदार चिमूट चोळून म्हणेल, “साहेब, हे माती मेली हाये.” त्याला समजावून सांगा की घनमीटरमध्ये ती अजूनही तेवढीच भरते, आणि बिल घनमीटरवर निघतं.

उताराचं फार मनावर घेऊ नका. पर्यावरण मंजुरीच्या अटींत बहुधा २८ अंश लिहिलेले असतात. डंपरने लोटलेला माल आपल्या मनाने ३७ अंशांच्या आसपास थांबतो. निसर्गाच्या इच्छेविरुद्ध जाणारे आपण कोण? त्या उतारावर जूनच्या सुरुवातीला माती पसरा. नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातल्या पहिल्या दोन सरींतच ती नाल्यातून नदीला लागेल. नदी कन्हान असली तर आणखी बरं. नागपूरकर तिचंही पाणी पितात, माती वाया जाणार नाही.

गवताचा विषय मात्र शिताफीने टाळा. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवून द्या, असं बजावलंय; खंडपीठाच्या अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश शरद बोबडे होते, म्हणजे आपल्या नागपूरचेच. आधी गवत आणि शेंगवर्गी झुडपं, त्यांनी माती धरली की मग झाडं, हा क्रम आहे खरा. पण पाहुण्यांच्या हस्ते गवत कसं लावणार? फोटोत काय दिसणार? त्यामुळे ५ जूनला थेट झाडंच लावा. खड्डा वीतभर पुरे, आणि रोपाची काळी पिशवी फाडत बसू नका, पाहुण्यांच्या सफारीला माती लागते. फलक ट्री गार्डपेक्षा मोठा हवा.

झाडं कोणती? पळस, मोह, तेंदू, धावडा ही इथली मंडळी, पण स्वभावाने संथ. तुम्हाला सुबाभूळ हवी. खाणींच्या हिरवळीची पाहणी हल्ली उपग्रहाच्या चित्रांवरून होते, आणि तेवढ्या उंचीवरून मोहाचं रान काय नि सुबाभळीचं काय, दोन्ही हिरवंच. गाजरगवत तर फुकटात उगवतं.

एक धोका आहे, तो सांगून ठेवतो. नेहरू मार्गावरच्या नीरीत, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, चुकूनही जाऊ नका. तिथल्या शास्त्रज्ञांनी याच जिल्ह्यात, गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगांवर, साखर कारखान्यातली मळी, नत्र धरणारे जिवाणू आणि मुळांवरची बुरशी वापरून झाडं जगवून दाखवली आहेत. असं काही होऊ शकतं, हे ठेकेदाराला कळलं तर त्याच्यावर उगाच दडपण येतं.

शेवटी गावकरी येतील. “साहेब, इथं पुन्हा पऱ्हाटी होईन का?” असं विचारतील. हो-नाही करू नका, ईको-पार्क जाहीर करा. खड्ड्यात पाणी साचलेलंच असतं, दोन पायडल बोटी सोडा, गेटवर तिकीट लावा. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना तिकिटात निम्मी सवलत द्यायला हरकत नाही. फक्त पुरावा म्हणून सातबारा मागू नका, तो आता कंपनीच्या नावावर आहे.