सरदारकी कशी गाजवावी

मोठं घराणं मिरवायचं असेल तर पहिली अट अशी की त्या घराण्यात जन्म घ्यावा. ते हुकलं असेल तर पुढचं वाचून फार उपयोग नाही, पण वाचा. आपल्यापुढचा आदर्श म्हणजे ऑक्सफर्डचा सतरावा अर्ल, एडवर्ड डी व्हिअर. जन्म १५५०, एसेक्समधल्या हेडिंगहॅमच्या किल्ल्यात.

वडिलांनी वेळेवर जावं. एडवर्डचे १५६२ मध्ये गेले. बारा वर्षांचं पोर कायद्यानं एलिझाबेथ राणीच्या पालकत्वाखाली आलं आणि मुक्कामाला गेलं तिचे उजवे हात विल्यम सेसिल यांच्या लंडनच्या घरी. तुम्हीही असाच पालक गाठा. तुमचे घोळ निस्तरायला हा माणूस पुढे जन्मभर लागणार आहे.

आता तलवारबाजी. १५६७ मध्ये एडवर्ड एका शिंप्याबरोबर हात साफ करत होता. त्यात मुदपाकखान्यातला टॉमस ब्रिंकनेल नावाचा हरकाम्या त्याच्या तलवारीनं मेला. घाबरायचं नाही. पंचांनी निकाल दिला की गडी दारू प्यालेला होता आणि आपणहून पात्याच्या टोकावर धावत आला, सबब आत्महत्या. त्या काळी आत्महत्या हा गुन्हा, म्हणून मयताची चीजवस्तू जप्त. ब्रिंकनेलची बायको गरोदर होती. पण ते असो, आपण सरदारकी शिकतोय.

लग्न पालकाच्याच मुलीशी करावं. अ‍ॅन सेसिल तेव्हा, म्हणजे १५७१ मध्ये, नुकती पंधराची झाली होती. सेसिलही त्याच वर्षी बॅरन, लॉर्ड बर्ली झालेले. त्यांना जुन्या घराण्याचा जावई हवा होता, जावयाला भक्कम सासरा. मग बायकोला दिवस गेले की तुम्ही इटलीला निघा. मुलगी झाल्याची बातमी तिकडेच कळेल. येताना चाचे लुटतील, तरी राणीसाठी अत्तर लावलेले हातमोजे जपून आणा. बायकोचं मात्र तोंड पाहायचं नाही. मूल आपलं नव्हे, अशी कुजबुज ऐकू आली एवढं कारण पुरे. पाचएक वर्षं हे निभवता येतं.

मधल्या काळात अंगाला गंज चढू देऊ नका. राणीच्या सेवेतली अ‍ॅन व्हॅव्हसोर हिला १५८१ मध्ये अर्लपासून मुलगा झाला. राणीनं दोघांनाही टॉवरमध्ये, म्हणजे लंडनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात टाकलं. सुटल्यावर बायकोशी समेट झाला. मग व्हॅव्हसोरच्या नातेवाइकाशी, टॉमस निव्हेटशी, द्वंद्व. दोघेही जखमी झाले. नंतरच्या हाणामाऱ्यांत मेले ते नोकर. चाकरी म्हणजे हेच की हो.

पैशाचं काय, असं विचारणाऱ्यांनी सरदार होऊ नये. जमिनी असतात त्या विकायलाच. फ्रोबिशर नावाचा दर्यावर्दी उत्तरेच्या बर्फातून सोन्याचे दगड आणणार म्हणून १५७८ मध्ये अर्लनं ३,००० पौंडांची हमी दिली. जहाजं भरून दगड आले. सोनं सोडून त्यांत सगळं होतं. अखेर १५८६ पासून राणीनं वर्षाला १,००० पौंडांची नेमणूक बांधून दिली. कुठल्या कामगिरीबद्दल, ते विचारायची पद्धत नाही. १५८८ मध्ये अ‍ॅन वारली, तिच्या तिन्ही मुली आजोबांनी सांभाळल्या. अर्लनं दुसरं लग्न केलं. त्यातून १५९३ मध्ये वारस झाला, हेन्री. सरदारकीचं वर्तुळ पूर्ण.

कीर्तीचीही चिंता नको, ती मेल्यावर घरपोच येते. अर्ल १६०४ मध्ये गेला. १९२० मध्ये लूनी नावाच्या एका इंग्रज शिक्षकानं शोध लावला की शेक्सपिअरची नाटकं खरं तर यानंच लिहिली. अर्ल कविता करायचा, नाटकमंडळ्या पोसायचा, एवढं खरं. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ नाटकाला खाद्य पुरवणारं बर्म्युडाचं जहाज १६०९ मध्ये खडकांवर आदळलं, म्हणजे अर्ल जाऊन पाच वर्षं झाल्यावर. पण भक्तांना अशा तारखा आडव्या येत नाहीत. त्यांचा सवाल साधा आहे: इटली, राजदरबार, तलवारी हे सगळं स्ट्रॅटफर्डच्या हातमोजे शिवणाऱ्याच्या पोराला, म्हणजे शेक्सपिअरला, कुठून कळणार? त्यासाठी हातमोजे विकत घेणाराच पाहिजे.