कागुयाचा सिनेमा पोरांना शेवटपर्यंत दाखवा

जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांचा 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया' (२०१३) हा ॲनिमेशन सिनेमा फार रडवतो, लहान मुलांना दाखवू नका, असं कुणी म्हणालं की मला मनापासून वाईट वाटतं. आईबापांनी मुलांना शेजारी घेऊन बघावा असा याहून चांगला परीकथेचा सिनेमा मला तरी माहीत नाही.

गोष्ट जपानची, हजारेक वर्षं जुनी. बांबू तोडणाऱ्या म्हाताऱ्याला कोंभात तळहातावर मावेल एवढी मुलगी सापडते. पुढे बांबूतून सोनं निघतं, भारी वस्त्रं निघतात. म्हाताऱ्याची खात्रीच पटते, पोरीनं राजकन्या व्हावं ही देवाची इच्छा! मग डोंगर सुटतो, सवंगडी सुटतात, राजधानीत वाडा उभा राहतो. भुवया उपटायच्या, दात काळे करायचे, मोठ्यानं हसायचं नाही.

या बापाला दुष्ट म्हणता येत नाही, आणि तिथंच सिनेमा आतपर्यंत लागतो. पोरीवर त्याचा जीव आहे. फक्त तिला काय हवंय हे तो विचारत नाही. आईला ते न विचारता कळतं. वाड्याच्या मागं ती छोटीशी परसबाग करते, आणि कागुया खरी रमते ती तिथंच. मुलांच्या दहावी-बारावीचे बेत पाचवीतच आखणाऱ्या आपण सगळ्यांनी हा बाप नीट बघावा.

आणि ती चित्रं! कोळशाच्या रेघा, पातळ जलरंग, कडेला कोरा सोडलेला कागद. नामकरणाच्या मेजवानीत दारू प्यायलेले पाहुणे तिच्याबद्दल वाटेल ते बोलतात, तेव्हा ती पळत सुटते. एकेक वस्त्र गळून पडतं, रेघा पिसाटतात, चेहरा नुसते फटकारे होऊन जातो. गुळगुळीत कॉम्प्युटर ॲनिमेशनमध्ये तो राग मला कधी दिसला नाही. सिनेमा आला तेव्हा ताकाहाता ७८ वर्षांचे होते. हा त्यांचा शेवटचा सिनेमा. २०१८ मध्ये ते गेले.

शेवटी चंद्रावरची माणसं तिला परत न्यायला येतात, तीही आनंदाचं संगीत वाजवत. संगीतकार जो हिसाइशी यांची ती धून ऐकताना पोटात कालवतं. पोरं विचारतील, ती का गेली? बाबांनी आधीच तिचं का ऐकलं नाही? विचारू द्या, आणि खरं उत्तर द्या. सिनेमा १३७ मिनिटांचा आहे. कंटाळली तर दोन दिवसांत बघा, पण शेवट गाळू नका.