पडक्या गोठ्यासमोरचे फोटो पुरे झाले!

दिवाळीला गावी यायचं, पडक्या गोठ्याच्या दारात फोटो काढायचा आणि खाली लिहायचं, 'गेले ते सुखाचे दिवस'. कसलं सुख? कुणाचं? भल्या पहाटे उठून शेण कुणी काढलं? आजीनं, आईनं. भर पावसात वैरणीचा भारा डोक्यावरून कुणी आणला? १९७२ च्या दुष्काळात चाऱ्यावाचून जनावरं डोळ्यांदेखत गेली, ते का नाही लिहीत कुणी?

गव्हाणीचं लाकूड वाळवीनं पोखरलंय, वासा लोंबतोय. खुंटा तेवढा घट्ट आहे, दाव्यानं घासून घासून मानेपाशी बारीक झालेला. तो फोटोत येतच नाही!

पशुगणनेत २०१२ ला राज्यात सुमारे १५५ लाख गाई-बैल होते, २०१९ ला १४० लाख. होणारच ना! कडबा महाग, गडी मिळेना, नांगरटीला ट्रॅक्टर. बैल पोसायचे कशावर?

एवढाच जीव तुटतो, तर पत्रे बदलायला पैसे मागितल्यावर फोन का उचलत नाही? शेवटची म्हैस विकणाऱ्या भावाला 'विकलीस कशाला?' म्हणता, तेव्हा दुधाला भाव काय मिळत होता ते विचारलंत कधी?