फक्त पैशासाठी? मला नाही पटत

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला अमेरिकन सेनाधिकारी बेनेडिक्ट अर्नोल्ड याच्यावरचा एक लेख वाचला. त्याने पैशासाठी वेस्ट पॉइंट हा आपल्याच बाजूचा किल्ला ब्रिटिशांना विकायला काढला, एवढ्यावर लेख संपतो. मला ते अपुरं वाटतं. पैसा होताच, 20,000 पौंडांचा सौदा, आणि डोक्यावर कर्ज. पण त्याआधीचं बघा ना. फेब्रुवारी 1777 मध्ये अमेरिकन काँग्रेसने (तिथल्या प्रतिनिधी सभेने) त्याला डावलून पाच कनिष्ठांना मेजर जनरल केलं. तरी ऑक्टोबरमध्ये साराटोगाच्या लढाईत हाच माणूस घोडा पुढे घालून लढला. डाव्या पायात गोळी घुसली, वर घोडा कोसळून तोच पाय मोडला. आधी क्वेबेकच्या लढाईत जखमी झालेलाही तोच पाय! पुढे कोर्ट मार्शल झालं, आणि ज्या सरसेनापती वॉशिंग्टनना तो मानायचा त्यांच्याकडूनच जाहीर ठपका मिळाला. असा अपमान आत साचत गेला की आपलीच फसवणूक झाली असं माणसाला वाटू लागतं.

म्हणून मी त्याला माफ करत नाही हं. त्याने दिलेले कागद मोज्यात लपवून नेणारा ब्रिटिश अधिकारी मेजर आंद्रे फासावर गेला, आणि हा नदीतून ब्रिटिश जहाजावर पळाला. साराटोगाला त्याच्या पायातल्या बुटाचं स्मारक आहे, पण त्यावर त्याचं नाव नाही. तो दगडी बूट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.