२२ प्रश्नांचा फारम

मे महिन्यात वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात दुपारी दोन वाजता घरोघर फिरणारा माणूस एकतर कर्जवसुलीचा असतो, नाहीतर त्याच्या डोक्यात ऊन गेलेलं असतं. मी वसुलीला निघालो नव्हतो. काखेत २२ प्रश्नांच्या फॉर्मचा गठ्ठा, खिशात तीन पेनं, डोक्याला दुपट्टा, अशा थाटात मी इंडी, म्हणजे स्वतंत्र कलाकारांच्या, म्युझिकच्या मासिकाचा टार्गेट ऑडियन्स हुडकत होतो.

दोष पुण्याच्या मित्राचा. तो दिवसा कॉम्प्युटरपुढे बसतो आणि रात्री गिटार वाजवतो. त्यानं चार गाणी स्वतः लिहिली, भिंतींना गाद्या टेकवून स्वतःच्या खोलीत रेकॉर्ड केली आणि स्वतःच नेटवर चढवली. त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द छापला नाही, तेव्हा आपलंच मासिक काढायचं त्यानं ठरवलं. जगातली निम्मी मासिकं याच कारणानं निघाली असतील, असा माझा संशय आहे.

त्याच्याजवळ दाखले तयार होते. १९७६ साली लंडनमध्ये मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या कारकुनानं घरी टाइप केलेली पानं झेरॉक्स करून 'स्निफिन ग्लू' काढलं आणि पंक रॉकवाल्या पोरांनी ते डोक्यावर घेतलं. १९९३ साली अमित सैगल यांनी 'रॉक स्ट्रीट जर्नल' सुरू केलं, तेही मुंबई-दिल्ली सोडून अलाहाबादेत. "अलाहाबादेतून रॉकचं मासिक निघालं, तर आर्वीतून का नाही?" मला उत्तर सुचलं नाही. पेरीनं पुढच्याच वर्षी आपलं मासिक बंद केलं, हे मला नंतर वाचायला मिळालं. मित्राला मी ते सांगितलं नाही. उत्साहावर पाणी टाकणारे लोक मला आवडत नाहीत, आणि शिवाय लेआउटचं काम मला मिळणार होतं.

वाचक कसा असेल याचं चित्रही त्यानं काढून ठेवलं होतं. वय बावीस, शहरात भाड्यानं राहतो, कॉफी बिनसाखरेची पितो, हेडफोन काढत नाही. "आता ग्रामीण सॅम्पल पाहिजे," तो म्हणाला. "तू गावी बसून काम करतोस. तुला काय, एका दुपारचं काम."

नावापासूनच पनवती लागली. मी सुचवलेलं नाव होतं 'धुरा'. शेताचा बांधही धुरा आणि पुढारपणाची धुराही धुरा, म्हणून मी स्वतःवर खूश होतो. बाबांना सांगितलं तर ते हसलेसुद्धा नाहीत. "धुरा नाव ठेवशीन तं पयला वाचक पटवारी राहीन," ते म्हणाले. "अन् दुसरा वकील." आमची शेजाऱ्याशी धुऱ्यावरून केस चालू आहे, हे मी काव्याच्या भरात विसरलो होतो. नोंदणीचं तरी सोपं झालंय, असं मित्रानं समजावलं. पूर्वी १८६७ च्या इंग्रजी कायद्याप्रमाणे दंडाधिकाऱ्यापुढे जाऊन डिक्लेरेशन द्यावं लागायचं. २०२३ च्या नव्या कायद्यानं सगळं ऑनलाइन आलं. म्हणजे आता कचेरीत घाम गाळायची गरज नाही. घरीच लाइन यायची वाट पाहत घाम गाळायचा.

सर्वेक्षणाचा नारळ पानठेल्यावर फोडला. दुपारी तिथं सहा-सात पोट्टे हमखास असतात, आणि अठरा ते चोवीस हा आमचा मुख्य गट होता. ठेलेवाला पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून खर्रा घोटत होता. फळीवर त्याचा हात असा एका लयीत चालतो की माझ्या मित्राच्या ड्रमरनं येऊन शिकावं. मी फॉर्म वाटले. पाच मिनिटं शांतता. मग एकानं विचारलं, "भाऊ, अनुदान किती हाये?"

"अनुदान नाही. मासिक आहे."

"दर मयन्याले भेटन?"

तिथून पुढं माझ्या हातात काही राहिलं नाही. 'मासिक' या शब्दाचा अर्थ गावानं दरमहा मिळणारी रक्कम असा लावला. संध्याकाळपर्यंत आमच्या अंगणात सातबारा, आधार आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स घेऊन माणसं उभी. आणि योजना म्हटली की माणूस गरीब होतो, तसे सगळे झाले. प्रश्न नऊ होता, 'संगीत ऐकण्याची कोणती साधनं तुमच्याकडे आहेत?' ज्याच्याकडे कपाटाएवढे स्पीकर आहेत आणि ज्याच्यामुळे लग्नसराईत आमच्या खिडकीची तावदानं बोलू लागतात, त्या डीजेवाल्यानं लिहिलं : 'एक रेडू होता. तो बी बंद.'

दुसऱ्या दिवशी मी शहाणा झालो आणि आधी इंडी म्हणजे काय ते समजावू लागलो. ही चूक पहिलीपेक्षा मोठी निघाली.

भजन मंडळाचे हार्मोनियमवाले काका देवळाच्या ओसरीवर भाता दुरुस्त करत बसले होते. मी सांगितलं, इंडी म्हणजे इंडिपेंडंट. मोठी रेकॉर्ड कंपनी मागे नाही, स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या मनानं केलेलं संगीत.

काकांनी भात्यावरचा हात थांबवला. "मंग आमी कोन्या कंपनीचे हाओ?"

"तसं नाही काका."

"राष्ट्रसंतायच्या खंजिरीले कोन्या कंपनीनं पैसा लावला होता?" गुरुकुंज मोझरी आमच्याकडून नदी ओलांडली की जवळच, तुकडोजी महाराजांचं नाव निघालं की या भागात वाद संपतो. तरी मी प्रश्न सात पुढं केला : 'नवीन संगीत तुम्हाला कसं सापडतं? (अ) मित्रांकडून (ब) अल्गोरिदमकडून (क) कार्यक्रमातून.' काका म्हणाले, "आमाले नाई सापडत बाप्पा. आमीच लोकायले सापडतो. सकायी पाच वाजता भोंग्यावरून." मी 'इतर' असं लिहून घेतलं. ते खरं होतं. माझी झोप कैक वर्षांपासून या संगीताला सापडते आहे.

बातमी पसरायला भोंग्याची गरज पडली नाही. संदलवाले आले. ज्यांनी विदर्भातली वरात पाहिली नाही त्यांना संदल काय ते लिहून सांगणं अवघड. ढोलताशाचा तो ठेका नवरदेवाच्या घोड्यालाही उभं राहू देत नाही. त्यांचं म्हणणं, बँडवाला सिनेमाची गाणी वाजवतो, म्हणून तो कंपनीचा. आमचा ठेका आमचा, म्हणून कव्हरवर आम्ही. बँडवाल्याला हे कळलं. तो येऊन म्हणाला, धून सिनेमाची असली तरी वाजवताना ती ओळखू येत नाही, मग ती स्वतःचीच झाली ना? हा मुद्दा मी मित्राला कळवला. कॉपीराइटवर एवढा मूलगामी विचार त्यानं कुठं वाचला नव्हता. दिवाळीनंतर पूर्व विदर्भात वडशाकडे झाडीपट्टीच्या नाटकांत रात्र रात्र ऑर्गन वाजवणाऱ्या एका मामाजींनी तर सरळ सांगितलं, की हजारो माणूस तिकीट काढून पहाटेपर्यंत बसते, त्याले तुमी इंडी नाई म्हनत तं काय म्हनता? मी काहीच म्हणालो नाही. मित्राच्या शेवटच्या कार्यक्रमाला एकोणीस माणसं होती, त्यात मी आणि त्याची बहीण.

एकानंच फॉर्म हातात घ्यायला नकार दिला. पोळ्याला झडत्या, म्हणजे बैलांच्या तोरणाखाली म्हणायच्या टोमण्यांच्या तुकबंद्या, म्हणणारे आबाजी. साठी कधीच उलटली. बाकी वर्ष सालदारकी करतात आणि पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली गावाचा हिशेब काढतात. २०१७ च्या हंगामात कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली, त्याच्या पुढच्या पोळ्याला त्यांनी म्हटलेली झडती मला अजून पाठ आहे :

पराटीले बोंड, बोंडाले अयी,
सायबाच्या कागदावर सारं काई सई!

यातलं 'सई' म्हणजे बरोबर की साहेबाची सही, यावर पारावर दोन दिवस चर्चा झाली होती. स्वतःचं लिहिणं, स्वतःची चाल, समोरचा श्रोता हलायला तयार नाही कारण त्याच्या हातात बैलाचा कासरा. यापेक्षा स्वतंत्र गायक-गीतकार मला तरी ठाऊक नाही. पण आबाजी म्हणाले, "लिवून काय होते? पोया येऊ दे."

खरी गंमत घरीच झाली. आई गच्चीवर कुरडया घालत होती. ओल्या धोतरावर सोऱ्यातून पांढरी गोल गोल वेटोळी पडत होती आणि कावळे हाकलायची नेमणूक माझ्याकडे होती. एका हातात काठी आणि एका हातात फॉर्म घेऊन मी तिला प्रश्न विचारले.

"आवडता कलाकार?"

"तुही आजी."

"आजी कलाकार होती?"

"भुलाबाईची गानी कोन सांगे मंग? भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीवरी एक गानं दोनदा नाई म्हने." सोऱ्या फिरवायचं थांबवून तिनं मला पाहिलं. "अन् हे पाय, गानं एकच असते, पन गावागावात अलग. माह्या माहेरी त्या गान्यात सासू मरते. इथं नुसती बिमार पडते."

"असं का?"

"इथं गाताना सासू शेजारी बसून राहे ना!"

महिनाभरात मला मिळालेलं हे संगीतसमीक्षेचं एकमेव वाक्य. फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. ते मी समासात लिहीत होतो तेवढ्यात कावळ्यानं दोन कुरडया उचलल्या, आणि पुढचे तेरा प्रश्न आईनं मलाच विचारले. त्यातला एकही संगीताबद्दल नव्हता.

छपाईचा अंदाज काढायला तालुक्याला एका प्रेसमध्ये गेलो. मालक लग्नपत्रिकांच्या ढिगाऱ्यामागे दिसत नव्हते, आवाज येत होता. किती पानं? मी म्हटलं, तीस. "तीस नाई होत. चारच्या पटीत बोला, अठ्ठावीस नाईतर बत्तीस. सोयाच्या पटीत बोलाल तं अजून सोयीचं." मॅपलिथो की आर्ट पेपर, कव्हर चार रंगांत की दोन, प्रती किती. मी दोनशे म्हणालो. त्यांनी पत्रिकांच्या वरून डोकं काढून माझ्याकडे पाहिलं. "दोनशेत तं बारशाच्याबी पत्रिका छापत नाई कोनी. प्लेटचा खर्च दोनशेले बी तेवढाच अन् हजाराले बी तेवढाच." मग गणपतीचा फोटो कव्हरवर कुठं टाकायचा ते विचारलं. जाता जाता त्यांनीही फॉर्म भरला.

जूनच्या पहिल्या पावसाला मी अहवाल केला. भरलेले फॉर्म ६१. त्यातल्या ५७ जणांनी सोबत स्वतःचा फोटो जोडलेला. फोटो मागितला नव्हता. 'मासिक विकत घ्याल का?' या शेवटच्या प्रश्नाला 'हो' म्हणणारे तिघं : हार्मोनियमवाले काका, मंडळासाठी एक प्रत, संदलवाले, कव्हरवर आले तर, आणि प्रेसचे मालक, ज्यांच्याकडे ती तशीही पडून राहिलीच असती.

मित्र खचला नाही. मुळात प्रती आणि वाचक या दोन गोष्टी वेगळ्या, असं त्यानं फोनवर शिकवलं. १९४८ पासूनची ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स प्रती मोजते. रीडरशिप सर्व्हे वाचक मोजतो, कारण एक अंक घरातले चौघं वाचतात. मी त्याला आमचा पार सांगितला. तिथं एकच पेपर येतो. तो एक आजोबा मोठ्यानं वाचतात, चौदा जण ऐकतात, तिघं मधेच भांडतात आणि एक जण वाचण्याआधीच काय लिहिलंय ते सांगतो. हे कुठल्या रकान्यात धरायचं? पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "म्हणजे ते ऐकतात. मग पॉडकास्ट का नको?"

मी लाइन गेल्याचं सांगून फोन ठेवला. खरोखर गेली होती, एवढंच.

पुढं पेरण्या झाल्या, डवरणी झाली, फॉर्मचा गठ्ठा आईनं फुलोऱ्याच्या डब्याखाली घातला. पोळ्याच्या संध्याकाळी सारं गाव तोरणाखाली जमलं. झुली, बेगड लावलेली शिंगं, घुंगरमाळांचा आवाज. बाबा आमच्या जोडीचा कासरा धरून उभे, मी मागे. आबाजींनी फेट्याचा शेव मागं टाकला, नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मी बैलाआड सरकलो. बैल पुढं सरकला.

गावात आला शाहाना, कागद घेऊन पुसते,
सारं गाव गानं गाते, वाचाले कोन बसते?
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

हशा असा उठला की दोन जोड्या तोरण तुटण्याआधीच सुटल्या. सगळ्यांत जोरात बाबा हसत होते, आणि त्यांच्या शेजारी, धुऱ्याच्या केसमधले आमचे प्रतिवादी.

धूळ बसल्यावर आबाजी गर्दीतून वाट काढत आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, आवाज खाली आणला.

"हे छापजो बरं. अन् फोटो बैलासंग पायजे, एकट्याचा नोको."